कोयनाकाठचे परस

कोयनानगरचा इतिहास लिहिणारा माणूस बहुधा धरणाच्या भिंतीपासून सुरुवात करतो आणि ते स्वाभाविकही आहे. १०३ मीटर उंचीची ती भिंत, तिच्यामागे डोंगरांच्या कुशीत पसरलेला शिवसागर, सह्याद्रीच्या पोटात कोरलेले वीजगृह आणि १९६७ सालचा भूकंप अशा थोर आणि दारुण गोष्टी ज्या गावाच्या नावाशी कायमच्या जोडल्या गेल्या, तेथे घरामागच्या दोन गुंठे जागेकडे इतिहासकाराचे लक्ष गेले नाही तर नवल नाही. प्रस्तुत लेखात मात्र आम्ही त्या दोन गुंठ्यांचाच इतिहास सांगणार आहोत. मांडवावरचा दोडका, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेले अळू आणि या दोहोंच्या मधून माती उकरीत हिंडणारी गावठी कोंबडी ही या इतिहासातील पात्रे होत.

आम्ही मूळचे वसईकडचे, वाडीत वाढलेलो. १९९० नंतरची काही वर्षे शिक्षकी पेशाच्या निमित्ताने आम्ही उभयता कोयनेच्या परिसरात राहिलो. वाडीतल्या माणसाला बागाईत शिकवावी लागत नाही, असा आमचा समज होता. पहिल्याच पावसाळ्यात तो धुऊन निघाला. वसईत विहिरीवर रहाट होता आणि पाणी खालून वर काढावे लागे. येथे वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पाणी मिळवण्यापेक्षा ते दूर सारणे हीच तेथल्या भाजीपाल्याची पहिली विद्या आहे. ती आम्हांला शेजारच्या आजींनी शिकवली.

घराची पाठ

परस म्हणजे घराची पाठ. पुढचे अंगण पाहुण्यांचे आणि पुरुषमाणसांचे, मागचे परस घरधनिणीचे. कोयना खोऱ्यातील जुन्या घरामागे एका बाजूस न्हाणी असे. तिच्या सांडपाण्यावर अळू, केळ आणि हळदीचा वाफा. दुसऱ्या बाजूस उकिरडा. तेथे शेण, चुलीतली राख, भाताचा कोंडा आणि स्वयंपाकघरातला केरकचरा जाई. मधल्या जागेत वांगी-मिरचीची दहा-वीस रोपे, माठ, अंबाडी, कडेला शेवगा आणि कढीपत्ता. या सर्वांवर छत्र धरणारा बांबूचा मांडव.

या मांडवात त्या मुलखाचे सारे शहाणपण सामावलेले आहे. एवढ्या पावसात जमिनीवर पसरलेला वेल कुजतो आणि फळाला मातीचा स्पर्श झाला की सड लागते. म्हणून दोडका, पडवळ, कारले, काकडी आणि घेवडा ही मंडळी वर चढवायची. मांडवाखालची सावलीची जागा मग कोंबड्यांना मिळे. वरून घारीची नजर पोहोचत नसे, खाली गळलेल्या पानांतले किडे आणि अळ्या हे त्यांचे खाद्य. कोंबडीची विष्ठा नत्राने समृद्ध असते. ताजी घातली तर कोवळे रोप करपते, परंतु उकिरड्यात मुरली की तिच्यासारखे खत नाही. खालची कोंबडी वरच्या वेलाला पोसते आणि वरचा वेल खालच्या कोंबडीला झाकतो, असा हा व्यवहार.

अर्थात या दोघांचे वैरही तितकेच जुने. नुकत्याच पेरलेल्या वाफ्यात कोंबडी शिरली की पाच मिनिटांत सारे बी वर. म्हणून पेरणीपासून वेल हातभर होईपर्यंत वाफ्याभोवती काट्यांचे कुंपण घालावे आणि पिल्लांची आई डालग्याखाली झाकावी, असा शिरस्ता होता. वेल मांडवाला लागले की डालगे उचलायचे. आमच्या हातून हा क्रम चुकला आणि मेथीचे दोन वाफे गेले, तेव्हा आजी हसून म्हणाल्या, “मास्तर, कोंबडीला पुस्तक वाचता येत न्हाई. तिला डालग्याखालीच शिकवावं लागतं.”

धान्यामागून आलेला पक्षी

या परसातील प्रत्येक वस्तूचा प्रवास पाहू गेल्यास आपण कोयनेपासून फार दूर जातो. मिरची, तांबडा भोपळा, पेरू आणि पपई ही सारी अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गलबतांबरोबर ती आपल्या किनाऱ्याला लागली. पेरू, पपई, बटाटा, काजू, कोबी हे शब्दही त्याच दर्यावर्दी लोकांच्या बोलीतून आपल्या तोंडी रुळले. वसई १५३४ ते १७३९ या काळात त्यांच्या अमलाखाली होती, हे आपल्या वाचकांस सांगणे नको. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडकडे जाणारी वाट कोयनेच्या काठाने जाते. किनाऱ्यावरची मिरची अशाच घाटवाटांनी वर चढली असली पाहिजे. उलट वांगे, काकडी, दोडका, कारले आणि वाल यांना या भूमीत हजारो वर्षांचे वास्तव्य आहे. डोंगरउतारावरची नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेची. जिला आपण ‘गावरान’ म्हणतो त्या भाजीभाकरीत निम्मे जग येऊन मिळाले आहे.

कोंबडीची कथा याहून मनोरम आहे. तिचा मुख्य पूर्वज आग्नेय आशियातील तांबडा रानकोंबडा, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दाखवले. २०२२ साली आणखी एका अभ्यासाने, पाळीव कोंबडीचे सर्वांत जुने खात्रीलायक अवशेष थायलंडमधील बान नॉन वाट येथील इसवी सनापूर्वी सुमारे १६५० ते १२५० या काळातील असल्याचे मांडले. ही मैत्री जुळण्याचे कारणही त्या संशोधकांनी सांगितले आहे. मनुष्याने कोरडवाहू भात आणि भरड धान्ये पेरण्यास आरंभ केला. त्या सांडलेल्या दाण्यांच्या ओढीने रानपक्षी झाडावरून खाली उतरून वस्तीशी आला. माणसाने कोंबडी धरून आणली, यापेक्षा कोंबडी दाण्यामागून चालत आली, असे म्हणणे अधिक खरे.

या कथेत सह्याद्रीचाही वाटा आहे. कोयनेच्या रानात पहाटे जो आरवतो तो राखी रानकोंबडा. फ्रेंच प्रवासी आणि निसर्गशास्त्रज्ञ पिएर सोनेरा याचे नाव त्याच्या शास्त्रीय नावात आहे. पाळीव कोंबडीच्या कातडीचा पिवळा रंग या राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे, असे स्वीडनमधील संशोधकांनी २००८ साली सिद्ध केले. रानातला कोंबडा आणि खुराड्यातला कोंबडा एकमेकांना पहाटे साद देतात, तेव्हा ते दूरचे नातलग एकमेकांची खुशाली विचारत असतात, असे म्हणायला आता शास्त्राचीही हरकत नाही.

आपल्या धर्मग्रंथातही हा घरगुती पक्षी अगदी मोक्याच्या जागी भेटतो. संत पेत्राला आपली दुर्बलता उमगली ती कोंबड्याच्या आरवण्याने. यरुशलेमविषयी प्रभू येशूचे अंतःकरण भरून आले, तेव्हा त्याला उपमा सुचली ती पिल्लांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची. राजवाड्यातला मोर किंवा पर्वतावरचा गरुड त्याने घेतला नाही. परसातली आई घेतली, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

अंड्यांचा हिशेब

पाटण तालुक्यातील कर्ते पुरुष पिढ्यान्पिढ्या मुंबईला गेले. गिरण्यांत, गोदीत आणि बाजारपेठेत डोक्यावर ओझी वाहिली. माथाडी कामगारांची चळवळ उभारणारे अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले. त्या चळवळीमुळे १९६९ साली माथाडी कायदा झाला. मुंबईकरांच्या कष्टांचा हा इतिहास काही अंशी तरी लिहिला गेला आहे. मात्र मनीऑर्डर येईपर्यंत गावातले घर कोण चालवीत होते, हे कोणी फारसे विचारले नाही.

ते घर परस चालवीत होते. दोन कोंबड्या आळीपाळीने अंड्यांवर असल्या की मीठ, तेल आणि काडेपेटी यांची सोय होई. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. त्यांतली काही बाजारात, काही मुलांच्या ताटात आणि दहा-बारा ती खुडूक झाली की तिच्याच पोटाखाली. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर. मुंबईकर गणपतीला किंवा शिमग्याला घरी आला की पाहुणचाराची सोय खुराड्यातच असे. जिच्याकडे कोंबडी नाही तिला शेजारीण एक तलंग अर्धलीने देई. निघालेल्या पिल्लांत निम्मी हिची, निम्मी तिची. या व्यवहाराला कागद लागत नव्हता आणि नवऱ्याची परवानगीही लागत नव्हती. स्वतःच्या नावावर गुंठाभर जमीन नसलेल्या स्त्रीची ही स्वतःची मिळकत होती.

आणि हे सारे स्वतःतूनच पुन्हा उभे राहत होते, ही त्यातली मर्माची गोष्ट. दोडक्याची पहिली दोन चांगली फळे वेलावरच वाळवायची, घेवड्याच्या शेंगा चुलीवरच्या धुरात टांगायच्या, वांग्याचे बी राखेत घोळून मडक्यात ठेवायचे. वेलातून बी, बियातून वेल. कोंबडीतून अंडे, अंड्यातून कोंबडी. बाहेरून काही आणावे लागत नसे. नवे बी हवे असेल तर शेजारणीकडून मागून आणायचे. आजींचे वाक्य आम्हांस आजही आठवते: “बी इकत घ्यायचं नसतं मास्तर, मागून घ्यायचं असतं. इकत घेतलं की परत द्यायची याद ऱ्हात न्हाई.”

पाण्याखाली गेलेले परस

१९५४ च्या सुमारास कोयना प्रकल्पाचे काम सुरू झाले आणि १९६२ साली पहिल्या टप्प्यातून वीज मिळू लागली. महाराष्ट्राच्या कारखानदारीला या विजेने जे बळ दिले त्याविषयी कृतज्ञताच बाळगली पाहिजे. परंतु त्या उजेडाची किंमत ज्यांनी मोजली त्यांची शंभरच्या आसपास गावे शिवसागराने कवेत घेतली. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा १९७६ साली झाला. कोयनेचे लोक त्याच्या कितीतरी आधी घराबाहेर पडले होते. कोणी वरच्या डोंगरावर सरकले, कोणी ठाणे आणि त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात गेले, तर कोणी सांगली-सोलापूरच्या माळावर. त्यांच्या न्याय्य मागण्यांसाठी पुढच्या पिढ्यांनाही धरणे धरून बसावे लागले.

त्या काळी भूसंपादन १८९४ च्या कायद्यान्वये होत असे. त्यात जमिनीचे आणि तिला धरून असलेल्या घराझाडांचे मोल करण्याची रीत होती. सातबाराच्या उताऱ्यावर पीकपाण्याचा रकाना आहे, खुराड्याचा नाही. उकिरड्याच्या खताने दोन-तीन पिढ्या पोसून काळी केलेली परसाची माती हिशेबात कशी धरणार? पावसाने धुपलेल्या तांबड्या जमिनीतून सासूने आणि तिच्या सासूने ती ओंजळीओंजळीने घडवलेली होती. कोंबडी डालग्यात घालून नेता येते. बी पदराच्या गाठीत बांधता येते. माती मात्र नेता येत नाही.

नेलेले बीही सर्वत्र रुजणारे नव्हते. सोलापूरकडे वर्षाचा पाऊस पाच-सहाशे मिलिमीटर, म्हणजे कोयनेच्या साधारण दहावा हिस्सा. धो धो पावसात मांडवावर चढण्याची सवय असलेल्या वेलाला तेथे पाणी पाजून जगवायचे म्हणजे घरच्या बाईने आणखी एक घागर डोक्यावर घ्यायची. आजींची एक बहीण तिकडच्या वसाहतीत दिलेली होती. ती माहेरी आली की आधी परसात जाऊन अळवाच्या पानांवरून हात फिरवी, मग घरात येई, असे आजी सांगत.

पहाटे चार वाजून एकवीस मिनिटे

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, अशी आपली म्हण आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेवर तांबडे फुटण्यापूर्वीच आकाश कोसळले. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी, ऐन कोंबडा आरवण्याच्या वेळी, धरणीकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसे दगावली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली आणि कोयनानगरातील बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. नाताळ अवघ्या दोन आठवड्यांवर होता. थंडीच्या त्या दिवसांत गावेच्या गावे उघड्यावर आली.

दगडमातीच्या भिंतींनी माणसे घेतली. बांबूचा मांडव मात्र कोसळला तरी कुणाचा जीव घेत नाही. आजींच्या घराची मागची भिंत खुराड्यावर पडली आणि आतल्या साऱ्या कोंबड्या गेल्या. एक खुडूक कोंबडी मात्र मांडवाखाली डालग्यात अंड्यांवर बसली होती, ती तेवढी वाचली. “पैले चार दिस मांडवावरच्या घेवड्यावर काढलं,” आजी सांगत, “आन् त्या कोंबडीकडं बघून पोरं रडायची थांबली.” पुढे मदत आली, तात्पुरते निवारे आले, धरणाची डागडुजी होऊन भिंतीला बळकटी देण्यात आली. त्या कामांची नोंद अभियंत्यांच्या अहवालांत आहे. एका कोंबडीने एका घराला कसा धीर दिला, याची नोंद कोठे असणार? ती येथे करून ठेवतो.

न बसणारी कोंबडी, न उगवणारे बी

धरणाने आणि भूकंपाने जे साधले नाही ते पुढे बाजाराने हलक्या हाताने साधले. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पांढऱ्या लेगहॉर्न जातीच्या कोंबड्यांचे मोठे धंदे महाराष्ट्रात उभे राहिले. १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली आणि अंडे शहरातल्या गरिबाच्याही ताटात आले. वर्षाला तीनशेच्या जवळपास अंडी देणाऱ्या या पक्ष्याचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र ही कोंबडी खुडूक बसत नाही. अंडी देणे थांबवून बसावे ही तिची वृत्तीच निवडीने काढून टाकलेली आहे. तिला स्वतःची पिल्ले नाहीत. ती दर वेळी उबवणी केंद्रातूनच आणावी लागतात. परसासाठी म्हणून बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने गिरिराज आणि हैदराबादच्या संशोधन केंद्राने वनराज असे काटक पक्षी तयार केले. ते गावठीहून अधिक अंडी देतात, पण बसण्याची हौस त्यांनाही कमीच.

बियाण्याचेही तसेच झाले. आम्ही स्वतः एका वर्षी संकरित दोडक्याचे पाकीट आणले. पीक असे आले की शेजारीपाजारी पाहायला आले. हौसेने त्यातली दोन फळे बियांसाठी राखली. दुसऱ्या वर्षी कोणत्या वेलाला आखूड फळे, कोणाला कडू, कोणाला धरलीच नाहीत. संकराचा हा स्वभावच आहे. पहिल्या पिढीचा जोम पुढच्या पिढीत जसाच्या तसा उतरत नाही. न बसणारी कोंबडी आणि तसेच न उगवणारे बी या दोघांनी मिळून परसाचे वर्तुळ तोडले. उत्पन्न वाढले, पण दर वर्षी दुकानाची पायरी चढणे आले.

गावठी पक्ष्यांवरची संकटेही थोडी नव्हती. उन्हाळ्यात मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग, शिरला की आठवड्यात गावची खुराडी रिकामी होत. लस वेळेवर दिली तर हा रोग टळतो, हे कळूनही ती गावापर्यंत पोहोचणे सोपे नव्हते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशात प्रथमच बर्ड फ्लू आढळला, तेव्हा मोठ्या धंद्यांतील पक्ष्यांबरोबर आसपासच्या घरांतील कोंबड्याही माराव्या लागल्या. कोयनेच्या बाजूला १९८५ साली अभयारण्य झाले, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कोयनेचे रानही जागतिक वारशात गेले. रान वाचले याचा आनंदच आहे. परंतु रानडुकरे आणि माकडे परसाच्या कुंपणाला जुमानत नाहीत, आणि घरात राखण करायला म्हाताऱ्या माणसांखेरीज कोणी उरलेले नाही, हेही तितकेच खरे.

तरीही परस संपलेले नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातील परसातल्या कोंबड्यांची संख्या सुमारे ३१ कोटी ७० लाख भरली. आधीच्या गणनेपेक्षा ती जवळजवळ ४६ टक्क्यांनी अधिक होती. अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घेवडा-वालाच्या आणि इतर भाज्यांच्या गावरान वाणांचे बी जपून, वाटून सांभाळले. त्या कार्याबद्दल त्यांना पद्मश्री मिळाली. शाळेची पायरी न चढलेल्या एका आदिवासी स्त्रीने जे केले, ते पूर्वी प्रत्येक परसात घडत होते. ते आता सन्मानाला पात्र ठरावे इतके दुर्मीळ झाले, यात अभिमान आणि खंत दोन्ही आहेत.

मूठभर बी

आमची बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला आम्ही आजींकडे गेलो. त्यांनी चुलीवरच्या फडताळातून एक वाळका भोपळा काढला, त्याचे बूच उघडले आणि राखेत घोळलेले दोडक्याचे मूठभर बी आमच्या रुमालात बांधून दिले. ते कोठून आले, असे विचारले तेव्हा म्हणाल्या, “सासूचं. गाव बुडालं तवा तिनं आणलेलं.” त्यांची सासू त्या बुडालेल्या गावांपैकी एका गावाहून आलेली होती, हे आम्हांस त्या दिवशी प्रथम कळले.

ते बी आम्ही वसईला आणले. आमची वाडी आता पूर्वीएवढी राहिलेली नाही. रहाट गेला आणि विहिरीच्या पलीकडे चार मजल्यांची इमारत उभी आहे. तरी घरामागे एक लहानसा मांडव आहे आणि त्याखाली तीन कोंबड्या आहेत. मध्यंतरी एका वर्षी पाऊस लांबला आणि निम्मे वेल वाळून गेले. उरलेल्या वेलांवरची दोन फळे आम्ही बियांसाठी राखली. आजींचे नाव येथे दिलेले नाही, कारण त्यांना ते आवडले नसते. त्यांचे बी मात्र आमच्याकडे आहे. धर्मग्रामातील ज्या कुटुंबांस हवे असेल त्यांनी खुशाल मागून न्यावे. पहिले फळ वेलावरच वाळवावे आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी त्यातले मूठभर आणखी कोणाला तरी द्यावे.